२८ च्या ॲपमध्ये बोली जिंकूनही डाव परत परत जातोय? आधी हे तपासा

पावसाळ्यात आमच्या खानापूर तालुक्यात लाईट आणि रेंज बरोबरच जातात, कणकुंबी-जांबोटीकडं तर विचारूच नका, त्यामुळं मोबाईलवर नेट नसताना चालणारे पत्त्यांचे गेम इकडं लई चालतात. त्यातला २८ म्हणजे बोलीचा गेम (तुम्ही आणि तुमचा भिडू एका बाजूला, समोरचे दोघं दुसऱ्या, आणि डावात किती गुण करणार ते आधी बोलायचं; काही ॲपात २९ असतोय) सध्या बरेच जण खेळायलेत आणि सगळ्यांची तक्रार एकच आहे. बोली मी जिंकतो, हुकूम मी ठेवतो, पानं पण बरी असतात, तरी डाव दोन-तीन गुणांनी जातो, आणि हे एकदा नाही सारखंच व्हायलंय, म्हणजे कॉम्प्युटर आपली पानं बघून खेळायलाय. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात शिफ्टला जाणारी पोरं हेच म्हणतात, निपाणीचे आमचे मामा हेच म्हणतात. मला हा गेम मनापासून आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं मत सरळ आहे, बहुतेक वेळा डाव खेळताना जात नाही, बोलीतच गेलेला असतो, आणि राहिलेला दोष मेंढीकोटच्या सवयीचा असतो.

सवयीचंच आधी घेऊ. आपण लहानपणापासून मेंढीकोट खेळलेली माणसं, बंद हुकूम आपल्याला नवा नाही, त्यामुळं २८ बघितल्यावर वाटतं की हे तर आपलंच आहे. पण इथं एक्का मोठा नाही. गुलाम सगळ्यात मोठा, त्याच्या खाली नव्वी, मग एक्का, मग दश्शी, मग राजा, राणी, अठ्ठी, सत्ती. पानं ३२ च, दुर्री ते छक्की बाजूला. गुण म्हणाल तर गुलाम ३, नव्वी २, एक्का १, दश्शी १, बाकीच्यांना काही नाही, एका रंगाचे ७ आणि चार रंगांचे मिळून २८. हे सगळ्यांना पाठ असतं हो, पण पटकन पान टाकायच्या वेळी बोट एक्क्यावरच जातं. एक्क्याची उतारी करायची आणि समोरच्यानं नव्वी टाकली की "बघ, ह्याला कसं कळलं" म्हणायचं. त्याला काही कळलेलं नसतं, त्याच्याकडं नव्वी होती आणि ती एक्क्याच्या वरच आहे.

दुसरं म्हणजे तुमच्या ॲपचे नियम नक्की कुठले आहेत ते बघा, कारण ह्या खेळाची घराणी बरीच आहेत. २८ केरळात फार खेळतात, २९ बंगाल, बांगलादेश, नेपाळकडं, आणि ३०४ म्हणून आणखी एक आहे तो किनारपट्टीच्या कर्नाटकात, तमिळनाडूत, श्रीलंकेत आणि आपल्या महाराष्ट्रात पण खेळतात. त्यात गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २ असा हिशेब. पानांची उतरंड तीच, गुण मात्र वेगळे. २९ च्या बऱ्याच ॲपमध्ये हुकमाचा राजा-राणी एकाकडं असला की जोडी दाखवता येते आणि बोली चार गुणांनी खाली येते, समोरच्यानं दाखवली तर चारनं वर जाते. हे ज्याला माहीत नाही त्याचा १७ चा डाव मध्येच २१ चा होतो आणि तो म्हणतो ॲप बिघडलंय. बोली पण कुठं १४ पासून, कुठं १५, कुठं १६ पासून सुरू होते. २९ मध्ये शेवटच्या हाताचा (एका फेरीत पडलेली चार पानं म्हणजे एक हात) एक गुण जास्त धरायची पद्धत होती, आता काही ठिकाणी धरतात काही ठिकाणी नाही, आणि एका गुणानं डाव गेल्यावर ह्याचाच घोळ असायची शक्यता असते. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नियमाचं पान एकदा शेवटपर्यंत वाचा, मराठीत बहुधा नसणार, तरी वाचा.

आता मुख्य गोष्ट, बोली. आठ पानांचा डाव असला तरी बोली चार पानांवर लावायची असते, उरलेली चार नंतर येतात. इथंच माणूस अडकतो. समजा पहिली चार पानं अशी आलीत: इस्पिक नव्वी, इस्पिक एक्का, किलवर दश्शी, बदाम राजा. बॉट (म्हणजे कॉम्प्युटरचा खेळाडू) १६ वर आहे. आपण बघतो, नव्वी आहे, एक्का आहे, इस्पिक हुकूम करू, अजून एखादं इस्पिक येईलच, गुलाम भिडूकडं असेल, चला १७.

ह्याचा हिशेब मांडून बघू. तुम्हाला न दिसलेली पानं २८. त्यातली ४ तुमच्याकडं येणार, ८ भिडूकडं, १६ समोरच्या दोघांकडं. म्हणजे इस्पिकचा गुलाम समोर असायची शक्यता २८ त १६, साधारण ५७ टक्के. भिडूकडं २९ टक्के आणि तुमच्या पुढच्या चारात यायची १४. "नेहमी त्यांच्याकडंच गुलाम कसा असतोय" ह्याचं उत्तर एवढंच आहे, तो निम्म्याहून जास्त वेळा तिकडंच असणार, कॉम्प्युटर कितीही प्रामाणिक असला तरी. दुसरं, अजून एखादं इस्पिक येईलच असं जे आपण धरतो, ते पण नेहमी होत नाही. हातात दोन हुकूम असताना पुढच्या चार पानात एकही न यायची शक्यता ३६ टक्के, म्हणजे साधारण तीन डावात एकदा तुम्ही दोनच हुकूम घेऊन बसणार. हातात तीन असले तर नवीन एकही न यायची शक्यता अजून वाढते, ४३ टक्के, पण तेव्हा निदान तीन तरी हातात असतात.

आणि १७ बोललं म्हणजे काय झालं ते पण बघा. समोरच्यांना १२ गुण झाले की तुमचा डाव गेला. त्यांच्या गुलामानं तुमची हुकमाची नव्वी ओढली की एका हातात ५ गुण गेले, त्यात एखादी दश्शी पडली तर ६, म्हणजे १२ तले निम्मे एकाच हातात. राहिलेल्या सात हातात त्यांना फक्त ६ गोळा करायचेत. असा डाव दोन-तीन गुणांनी जातो ह्यात नवल ते काय!

माझा बोलीचा ठोकताळा सांगतो. चार पानातले गुण मोजा. उरलेले गुण न दिसलेल्या २८ पानात सारखे पसरलेत असं धरलं तर त्यातल्या १२ पानांचा वाटा (तुमची ४ आणि भिडूची ८) तुमच्या बाजूला येणार. हे गणित सोडवलं की १२ अधिक तुमच्या गुणांच्या निम्म्याहून थोडं जास्त, एवढी तुमच्या बाजूची सरासरी निघते. वरच्या पानांत गुण ४ होते, म्हणजे सरासरी १४ च्या जरा पुढं. हातात काहीच गुण नसले तरी १२ असतात आणि पहिल्या चार पानात चारही गुलाम आले तरी सरासरी १९ च्या आतच राहते, हे बघितल्यावर २२-२३ बोलणाऱ्यांनी थांबून विचार करायला पाहिजे. अर्थात पानात असलेले गुण आणि हातात पडलेले गुण ह्यात फरक आहे, गुलाम समोरच्याचे एक्के-दश्श्या पण ओढून आणतो, म्हणून मी हुकमाचा गुलाम हातात असेल तर एक वाढवतो आणि हुकूम तीन असतील तर अजून एक. झालं, ती माझी मर्यादा. चौकट गुलाम, चौकट नव्वी, चौकट सत्ती आणि बदाम गुलाम आले तर गुण ८, त्याचे निम्मे ४, १२ अधिक ४ म्हणजे १६, वर दोन, १८. तिथपर्यंत भांडायचं. वरच्या इस्पिकवाल्या हाताला मात्र १४, म्हणजे बॉट १६ वर असताना पासच.

ही मर्यादा पहिल्या बोलीच्या आधी ठरवायची, हे फार महत्त्वाचं आहे. बॉट बहुतेक ॲपात एकेकानं वाढवत जातो, १५, १६, १७, आणि दर वेळी वाटतं की एकच तर वाढवायचाय. मिरज पॅसेंजरमध्ये पत्ते घेऊन बसणारी मंडळी बघा, तिथं समोरचा माणूस अडखळतो, पानाकडं परत बघतो, त्यावरनं आपल्याला अंदाज येतो की हा आता ताणून बोलतोय. बॉट तेवढ्याच वेळात तेवढ्याच सुरात १९ पण बोलतो आणि १५ पण. त्याच्याकडनं कुठलाच अंदाज मिळत नाही म्हणून आपला आकडा आधी पक्का पाहिजे. आणि पास म्हणजे हार नव्हे हो! समोरच्याला १९ ला नेऊन सोडलं तर तुम्हाला फक्त १० गुण लागतात, जे सरासरी वाट्यापेक्षा कमी आहेत. माझ्या मते बॉटविरुद्ध सगळ्यात जास्त डाव असेच मिळतात, त्याला चढवून सोडून द्यायचं.

बोली बरोबर असून पण डाव जात असेल तर बाजूच्या रंगाचा गुलाम बघा, म्हणजे हुकूम सोडून दुसऱ्या रंगाचा. हा गुलाम आपण जपून ठेवतो, शेवटी कामाला येईल म्हणून. इथं उलटं आहे. एका रंगाची पानं फक्त आठ, माणसं चार, पहिल्या फेरीतच चार संपतात. दुसऱ्या फेरीला कुणाकडं तरी तो रंग नसणार हे जवळजवळ ठरलेलं, मग तो हुकूम उघडायला लावणार आणि तुमचा ३ गुणांचा गुलाम कापणार. पहिल्याच फेरीत खेळला तर धोका किती? तो गुलाम हातात एकटाच असेल तर समोरच्या दोघांपैकी कुणाकडं त्या रंगाचं पान नसायची शक्यता ७ टक्क्यांच्या आत. त्या रंगाची दोन पानं तुमच्याकडं असतील तर १२ टक्के, तीन असतील तर २० च्या पुढं. रंग जेवढा तुमच्याकडं लांब तेवढा दुसऱ्याकडं आखूड, साधी गोष्ट आहे. म्हणून उतारी मिळाली की बाजूचा गुलाम आधी खेळून मोकळं व्हायचं, त्यातनं पण लांब रंगाचा असेल तर जरा विचार करून. गुलाम गेल्यावर त्याच रंगाची नव्वी लगेच मागनं खेळू नका, हा प्रकार मी सगळ्यात जास्त बघतो आणि बॉट हमखास कापतो.

हुकूम कधी उघडायचा, हा मेंढीकोटवाल्यांचा खरा घात. मेंढीकोटला उतारीचा रंग आपल्याकडं नाही म्हटल्यावर आपण लगेच "हुकूम खोला" म्हणतो, कारण मेंढी मारायची असते. २८ मध्ये रंग नसला तर हुकूम मागितलाच पाहिजे असं नाही, कुठलं पण पान टाकता येतं. हात भिडूच्या गुलामावर चाललाय आणि तुमच्याकडं तो रंग नाही, तर निवांत दुसऱ्या रंगाचा एक्का किंवा दश्शी त्यात टाका, गुण आपल्याच घरात आले. हुकूम उघडला तर बऱ्याच ॲपात हुकमाचं पान असेल तर तेच टाकायला लागतं, म्हणजे भिडूचा जिंकलेला हात तुम्हीच कापला आणि एक हुकूम वाया घालवला. बोली समोरच्याची असेल तर अजूनच जपून, कारण हुकूम त्याच्या सोयीचा आहे, तो बंद आहे तोवर त्याचे बाकीचे हुकूम साधीच पानं आहेत. हात गुणांचा असेल, ४-५ गुण पडले असतील आणि तो समोर चालला असेल, तरच मागायचा. बिनगुणांच्या हाताला हुकूम उघडणं म्हणजे डास मारायला जेसीबी बोलावणं.

ह्यातच एक तक्रार येते की "हुकमाचं पान टॅप केलं तरी पडत नाही, ॲप अडकतंय". अडकत नाही. बोली जिंकणाऱ्यानं जे पान हुकूम म्हणून पालथं ठेवलंय ते हुकूम उघडेपर्यंत बाजूलाच असतं, ते खेळता येत नाही. आणि हुकूम बंद असताना बोलीवाल्याला हुकमाच्या रंगाची उतारी करता येत नाही (दुसरं काहीच नसेल तर गोष्ट वेगळी), बरीच ॲप ती पानं फिकट करून दाखवतात. हे लक्षात घेऊन पालथं कुठलं पान ठेवायचं ते ठरवा. मी शक्यतो हुकमाचं बारकं पान, सत्ती-अठ्ठी, ठेवतो, गुलाम मोकळा राहू दे. काही जण गुलामच ठेवतात, मला ते पटत नाही.

भिडूबद्दल थोडं. तुमचा भिडू पण बॉटच आहे हे विसरायचं नाही. घरात बहिणीबरोबर वर्षानुवर्षं खेळल्यावर तिनं किलवर सत्ती टाकली म्हणजे किलवर नको म्हणतीय हे आपल्याला कळतं. साध्या ॲपातला बॉट ठरवलेल्या चार नियमांवर चालतो, मोठं पान असेल तर टाक, भिडूचा हात असेल तर गुण टाक, असं. तुमची खूण त्याला पोचेल असं धरूनच चालू नका. चांगले प्रोग्रॅम वेगळं करतात, ब्रिज ह्या पत्त्यांच्या खेळातला जिब नावाचा प्रोग्रॅम १९९८ साली कॉम्प्युटरांच्या जागतिक स्पर्धेत जिंकला, तो न दिसलेली पानं मनातल्या मनात वेगवेगळ्या तऱ्हेनं वाटून बघायचा आणि बहुतेक वाटपात जे पान बरं ठरेल ते खेळायचा. असा बॉट समोर असला तर त्याला पानं दिसतात असंच वाटतं, पण तो पडलेली पानं मोजायलेला असतो. आपण पण मोजू शकतो, निदान चार गुलाम आणि चार नव्व्या, त्यातच २८ पैकी २० गुण आहेत.

एवढं सगळं करून पण संशय राहिला तर त्याची तपासणी करा, नुसतं बोलत बसू नका. एक वही घ्या, एकच पान ठरवा, समजा इस्पिकचा गुलाम, आणि तो आठ पानात आपल्याकडं आला की रेघ मारा. शंभर डावात २५ च्या आसपास यायला पाहिजे, १७ ते ३३ पर्यंत काही झालं तरी संशय घ्यायचं कारण नाही. शंभरात ८-१० च आला तर मात्र ॲप काढून टाका. हरल्यावर नाणी विकत घ्या म्हणून मागं लागणारं ॲप असेल तर तुमची शंका रास्त आहे, तिथं मी पण वही घेऊनच बसेन.

ॲपात वाटप विचित्र येतं, एकाकडं पाच-पाच हुकूम, दुसऱ्याकडं एक रंगच नाही, घरात असं होत नाही, हे पण बरेच जण म्हणतात, आणि ते खरं आहे. पण चूक घरातल्या पिसण्याची आहे. डाव संपला की हातातली पानं चार-चारच्या गठ्ठ्यात असतात, एका हातात बहुतेक एकाच रंगाची. आपण दोन-तीनदा वरवर पिसतो आणि एकेक पान वाटतो, मग त्या गठ्ठ्यातलं प्रत्येकाला एक जातं आणि सगळ्यांकडं सगळे रंग सारखे येतात. कॉम्प्युटर सहसा फिशर-येट्स म्हणून १९३८ पासनं माहीत असलेली पद्धत वापरतो, त्यात प्रत्येक पान कुठं पण जाऊ शकतं, त्यामुळं वेडीवाकडी वाटपं जेवढी यायला पाहिजेत तेवढी येतात. ब्रिज क्लबांत कॉम्प्युटरनं पानं वाटायला सुरुवात झाल्यावर तिथल्या जुन्या खेळाडूंनी पण हीच तक्रार केली होती. ह्याचा उपयोग एवढाच की ॲपात खेळताना "कुणाकडं तरी हा रंग नाही" हे घरापेक्षा जास्त वेळा धरून चाला.

राहिला प्रश्न बोलीच्या वेळी गेम अडकायचा. नेट चालू असताना बोली आणि पुढची चार पानं ह्याच्या मध्ये बरीच ॲप जाहिरात आणतात, आणि रेंज अर्धवट असली की जाहिरात ना येते ना जाते, गोल फिरत बसतंय. विमान मोड टाकून ॲप नव्यानं उघडा, चाललं तर ते खरंच ऑफलाईन आहे, नाही उघडलं तर पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही, दुसरं बघा. फोन आल्यावर डाव पहिल्यापासनं सुरू होत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथं तो गेम, मग बॅटरी, आणि अनरिस्ट्रिक्टेड करा, कारण बॅटरी वाचवायला फोनच ते ॲप मागं बंद करतो. स्वस्तातल्या कमी रॅमच्या फोनवर एवढ्यानं पण भागत नाही, तिथं खेळायच्या आधी बाकीची उघडी ॲप काढून टाका. आणि डाव मोडल्यावर गुणफलक एकदा बघा, काही ॲप मोडलेला डाव हरलेला धरतात, तसं असेल तर ते हरलेले डाव तुमच्या बोलीच्या हिशेबात धरू नका.